बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

दिवाळी सरली की सेलूच्या रस्त्यावरच्या बाभळींवर कापूस दिसायला लागतो. गच्च भरलेल्या गाड्या आणि ट्रक काट्यांना घासून जातात आणि पुंजके मागे राहतात. परवा एस.टी.त माझ्या शेजारी पुण्याकडच्या एक बाई बसल्या होत्या. खिडकीतून पाहून म्हणाल्या, "अगं बाई, किती छान दिसतंय!" मी "हो" म्हणाले. प्रवासात वाद घालायचा नाही हा माझा नियम आहे. पण मला ते छान दिसत नाही. ते पांढरं दिसलं की माझे कान खोकला शोधायला लागतात.

मी छातीची डॉक्टर आहे, परभणीत माझा दवाखाना आहे. इतर डॉक्टरांचा हंगाम पावसाळ्यात असतो, माझा कापसाबरोबर येतो. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या दारात पहिल्या गाड्या लागल्या की पंधरा-वीस दिवसांत माझ्या बाकावर ती माणसं येऊन बसतात. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळीला रुई, मानेच्या घामावर भुगा. बसल्याबरोबर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतात आणि खांदे वर उचलतात. मी त्यांना सगळ्यात आधी विचारते, "तुमच्याकडं सुट्टी कोणत्या वारी असते?" नवीन कंपाउंडर हे ऐकून हसला होता. त्याला वाटलं, बाई गप्पा मारतायत.

हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवलेला नाही. उलट पुस्तकामुळे मी तो विचारायला फार उशीर केला. त्या एका हंगामाबद्दल मी कधी लिहिलं नाही, कारण त्यात माझ्या दोन चुकांची कबुली आहे. आता वीसेक वर्षं झाली. कबुली द्यायला हरकत नाही, आणि तशीही माझी लाज मी केव्हाच वापरून संपवली आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष होतं. पाऊस बरा झाला होता, कापूस भरपूर आला होता, आणि मी एम.डी. करत होते. प्रबंधाला विषय घेतला तो जिनिंगमधल्या बायकांच्या श्वासाचा. मी मूळची वालूरच्या बौद्धवाड्यातली, शाळामास्तराची मुलगी. आमच्या वस्तीतल्या अर्ध्या बाया हंगामात सेलूच्या जिनिंगला जायच्या, उरलेल्या नवऱ्याबरोबर ऊस तोडायला. जिनिंगवाल्या परत आल्या की खोकत असायच्या. लहानपणी मला वाटायचं, बायकांना हिवाळ्यात बांगड्यांसारखा खोकलाही असतोच. डॉक्टर झाल्यावर कळलं की असा कोणताही खोकला असतोच असं नसतं. कुठून तरी आलेला असतो.

जिनिंगच्या आत मला एकदाच जाऊ दिलं. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या आणि त्या पट्ट्या इतक्या घट्ट होत्या की हात घातला तर अडेल असं वाटावं. जमीन थरथरत होती. सरकीचा कोमट, तेलकट वास येत होता. यंत्रांच्या ओळीसमोर बाया उभ्या, नाकावर पदर गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. एका हाताने कापूस ओढायचा, दुसऱ्याने यंत्रात लोटायचा. कुणी बोलत नव्हतं, बोलणं ऐकूच आलं नसतं. पाच मिनिटांत मुकादमाने मला बाहेर काढलं. मुकादम म्हणजे बायकांना कामाला लावणारा आणि कामावरून काढणारा माणूस. "डाक्टरीनबाई, तुमचं काय असल ते दाराभाईर. मालकानं बघितलं तर माझी नोकरी जाईल," तो म्हणाला आणि स्वतःच बराच वेळ खोकत राहिला. मी ते ऐकलं, पण लिहून घेतलं नाही.

म्हणून मी दाराबाहेरच्या लिंबाखाली बसले. माझ्याकडे एक यंत्र होतं. गोल, जाडजूड, तबकडीवर आकडे आणि एक काटा. बाजूच्या नळीत तोंड लावून एकदम जोरात फुंकायचं. फुंक जितकी जोरदार, काटा तितका पुढे. श्वासाच्या नळ्या आवळलेल्या असतील तर फुंक जोरात निघतच नाही आणि काटा मागे राहतो. बायांनी त्याला पहिल्याच दिवशी 'फुकायचं घड्याळ' म्हणायला सुरुवात केली.

"चूल फुकून जलम गेला, आता हे घड्याळ बी फुका."

"घड्याळ फुकल्यावर भाकर भाजती का, माय?"

हे दुसरं रहमतबीचं. ती बायांच्या त्या टोळीत सगळ्यात मोठ्या आवाजाची. नळीवरून अडलं तेव्हाही तिनेच सोडवलं. रांगेत पुढे आमच्या वस्तीतली एक बाई होती, तिच्या मागे दुष्काळाने कंगाल झालेली पाटलाच्या भावकीतली एक. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली, नळीला तोंड लावेना. मी काय ते समजले. दुसऱ्या खेपेला जुन्या कॅलेंडरची पानं गुंडाळून प्रत्येकीची वेगळी नळी केली आणि ठणकावून सांगितलं, "हे जातीसाठी नाही, जंतूंसाठी आहे." रहमतबी म्हणाली, "जंतू को जात समजती क्या, बाई? फिर तो वो बी पाटील हुआ!" पाटलीणबाईसुद्धा हसल्या आणि त्यांनी फुंकलं. ती नळी माझ्या, म्हणजे बौद्धवाड्यातल्या बाईच्या, हातच्या खळीने चिकटवलेली होती; हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

फुंकलं नाही ते फक्त गयाबाईने. चाळिशीची असेल. हाडं वर आलेली, डोळे मात्र समोरच्याला खिळवणारे. बरेच सोमवार ती लांबच राहिली, मग एकदा रांगेत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी न्हाई फुकनार. वळखलंस का मला?"

मी ओळखलं नव्हतं. तिने चोळीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. टीबीच्या रुग्णाचं कार्ड. गयाबाईचं नाव, वय अंदाजे, माहेरचं गाव वालूर. खाली सही. सही माझीच होती.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरकीची शेवटची उमेदवारी मी एका खेड्यातल्या दवाखान्यात केली होती. हंगाम संपल्यावर माहेरी आलेली एक वाळलेली बाई खोकत समोर आली, आणि थुंकी न तपासता, छातीचा फोटो न काढता मी 'टीबी' लिहून मोकळी झाले. रोज तशा पाच येत. माझा हात भराभर चालायचा आणि त्याचा मला अभिमान होता.

"इंजेक्शनं घेतली. लय घेतली," गयाबाई म्हणाली. "खोकला हाय तिथंच हाय, आन् कानात रातंदिस घूं घूं. पानी पियाला मला येगळा गलास. जेवताना बाया उठून दुसरीकडं जायल्यात. ही रहमत तेवढी बसती माझ्यापाशी. आता मुकादमाला कुनी तरी सांगितलंय. पंधरा दिसांनी बाजार झाला की माझं नाव कमी करनार हाय."

मी तिला म्हणाले ते आजही मला आठवतं, कारण ते मूर्खपणाचं होतं. मी म्हणाले, "गयाबाई, नाहीतरी हे काम तुमच्या छातीला चांगलं नाही. सोडलेलं बरं."

"सोडून काय करू? ऊस तोडू? मोळी डोस्क्यावर घिऊन फळीवरून टरकात चढाया लागतंय. ह्या दमात?" तिने दम घेतला. "काम मला दुसरीकडं दे मन मुकादमाला, भाईर बसव मन, त्याचं काय न्हाई. पर टीबीवाली मनून काढू नको मन. तूच लिवलंस. आता तूच खोड."

खोडायला मला पुरावा हवा होता. तिची थुंकी तीनदा नेऊन मी स्वतः तपासली. काही नाही. परभणीला छातीचा फोटो काढला. त्यातही काही नाही. पण 'टीबी नाही' एवढ्याने मुकादमाचं समाधान होणार नव्हतं. तो विचारणार, मग काय आहे? आणि ते माझा फुंकांच्या आकड्यांचा तक्ता सांगत नव्हता.

कारण मी सोमवार मोजत होते. पुस्तकात स्पष्ट होतं: कापसाच्या धुळीचा त्रास सोमवारी सगळ्यात जास्त होतो, पुढे आठवडाभर कमी होत जातो. एक दिवस छातीला मोकळी हवा मिळते, तिची सवय मोडते, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धूळ तिला पुरी लागते. मी दर रविवारी गाडीने सेलूला यायची, मावशीकडे मुक्काम करायची आणि सोमवारी लिंबाखाली बसायची. सकाळी आत जाताना एक फुंक, संध्याकाळी बाहेर येताना एक. कितीतरी सोमवार. सकाळचा काटा आणि संध्याकाळचा काटा जवळपास तिथेच.

कॉलेजात माझे मार्गदर्शक होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. हुशार माणूस, कडक इस्त्रीचा. त्यांनी तक्ता उलटसुलट पाहिला. "सोमवारी काही दिसत नाही, डॉक्टर. म्हणजे तो आजार तुमच्या बायकांना नाही. टीबी असेल, साधा दमा असेल, विड्या ओढत असतील. विषय बदला."

"विड्या नाही ओढत त्या, सर."

"तुम्हाला सांगणार आहेत का?"

मी तक्ता गुंडाळला आणि स्टेशन गाठलं. मी अजिबात रडले नाही. रडण्यापेक्षा मला राग चांगला जमतो. पुढच्या सोमवारी लिंबाखाली येऊन बसले आणि गयाबाईला सांगून टाकलं की माझ्या आकड्यांत काही सापडत नाही. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली जसं मी नदीला पाणी कुठे आहे विचारलं होतं.

"सोमवारी कामून येतीस तू? सोमवारी आमाला काय होतंय?"

"पुस्तकात सोमवार आहे."

"पुस्तक कुठलं?"

"विलायतेचं."

"तिथं बाजार कवा असतो?"

रहमतबीने कपाळावर हात मारून घेतला. "अगे पढी-लिखी बाई! जीन बंद कब रैता? बाजार के दिन! तो दम कब लगता? बाजार के दुसरे दिन! ये तो मुकादम की बकरी कू बी मालूम है."

सेलूत जिनिंग बाजाराच्या दिवशी बंद असायचं. रविवारी चालू. मी या भागात जन्मलेली. आमच्या घरचं मीठ-मिरची, आईची बांगडी, वडिलांचा पेन, सगळं बाजाराच्या दिवशी यायचं. शाळेत असताना मी वार मोजायची तेही बाजारापासून. आणि तरी हातात जाड पुस्तक आल्यावर मी माझ्या गावचा आठवडा विसरले आणि कुठल्याशा गिरणीचा, चर्चच्या घंटेचा आठवडा सेलूच्या बायकांना लावत बसले. सोमवार म्हणजे त्यांच्या आठवड्याचा मधलाच कुठला तरी दिवस. ही माझी दुसरी चूक. पहिली घाईची होती, ही शिकल्याची.

बायांपैकी कुणीही मला हे आधी सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. मी फक्त फुंकायला सांगत होते.

त्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम बाजारात गेले. बाया न्हाऊन, तेल लावून आल्या होत्या. गयाबाई वांगी घेताना एका माळ्याशी भांडत होती. लांबलचक वाक्यं, मध्ये एकदाही न थांबता. तिचा आवाज पहिल्यांदा तिथे पूर्ण ऐकला. चांगला खणखणीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली सगळ्यांच्या फुंका घेतल्या. गयाबाईनेही, पहिल्यांदाच, घड्याळ हातात घेतलं. काटा ठीकच गेला. संध्याकाळी भोंगा झाला आणि बाया बाहेर आल्या तेव्हा मी फुंकायला सांगायच्या आधीच कळलं. कुणी हसत नव्हतं. रहमतबी "बाई, आज..." म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द येईना. एकेकीने फुंकलं आणि एकेकीचा काटा सकाळपेक्षा मागे पडत गेला. गयाबाईचा सगळ्यात मागे. इतके सोमवार मी ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं, आणि मला एका क्षणासाठी आनंद झाला. त्या आनंदाचं काय करावं हे मला आजही समजलेलं नाही. बाया गुदमरत होत्या आणि मी मनात म्हणत होते, मिळालं.

तेवढ्यात मुकादम गुळाची परात घेऊन आला. संध्याकाळी प्रत्येकीला गुळाचा खडा मिळायचा, म्हणे त्याने रुई पोटात जाते आणि निघून जाते. रुई पोटात जात नाही, पण गूळ गोड असतो, म्हणून तक्रार कुणी करत नसे. त्याने गयाबाईला खडा दिला तो लांबून, वरून टाकून. "गया, उद्यापासून येऊ नको. आपलं ठरलंय."

"थांबा," मी म्हणाले. सरांनी परदेशातून आणलेला दम्याचा एक पंप माझ्याकडे होता. आपल्याकडे तेव्हा तो कुणी पाहिलेला नव्हता. मी गयाबाईला श्वास आत ओढायला शिकवलं आणि दोनदा दाबला.

"अत्तर है क्या?" रहमतबीने खोल गेलेल्या आवाजात विचारलं. म्हणजे तिला अजून विनोद सुचत होते.

पाव तास सगळे उभे राहिले. मग गयाबाईने फुंकलं. काटा पुढे गेला. सकाळइतका नाही, पण दिसण्याइतका. तिचे खांदे खाली आले.

"मुकादम," मी म्हणाले, "टीबी पाव तासात हलत नाही. हिच्या नळ्या तुमच्या धुळीने आवळतात."

"ती सुई तुमच्या मनावर हाय बाई. तुमी मनाल तशी फिरती."

"मंग तुमी फुका की, दादा," गयाबाई म्हणाली.

"फुका, फुका!" सगळ्या.

त्याने परात खाली ठेवली, मिशी पुसली, कॅलेंडरची कोरी नळी घेतली आणि फुंकलं. काटा रहमतबीच्याही मागे थांबला. नळी फाटकी आहे म्हणाला. दुसरी दिली. काटा आणखी मागे.

"या अल्ला! मुकादम को बी टीबी!"

"काढा ह्याचं कार्ड!"

"त्याचा गूळ येगळा ठिवा गं!"

बाया इतक्या हसल्या की हसण्याचा खोकला झाला, आणि त्या खोकल्यात मुकादमाचाही मिसळला. मी त्याला पंप दिला. तो लिंबाच्या पारावर बसला. पाव तासाने फुंकलं आणि काटा पुढे सरकला.

"बाजाराच्या दुसऱ्या दिशी हुतंय मला," तो हळूच मला म्हणाला. "मी समजायलो, बाजारात भजे खाल्ल्यानं हुतंय." मग उठला, परात उचलली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "गया, उद्या ये. भाईर कचरा येचाया बस."

गयाबाई हलली नाही. तिने कार्ड काढलं. "आता हे."

सरकारी कार्डावर असं खोडता येत नाही. त्यासाठी वरिष्ठांचा शेरा लागतो. मी पेन काढलं आणि 'टीबी'वर रेघ मारली.

"बारीक न्हाई," ती म्हणाली. "जाड मार. लांबून दिसाया पायजे."

मी तीनदा गिरवली. खाली लिहिलं: थुंकी तीनदा तपासली, टीबी नाही. कापसाच्या धुळीने श्वासनलिका आवळतात. आणि सही, पहिल्या सहीच्या अगदी शेजारी. तिला वाचता येत नव्हतं, पण दोन सह्या तिने बोटाने ताडून पाहिल्या. "सारक्याच हायत," ती म्हणाली. "बरं झालं. दुसऱ्यानं खोडलंय असं कुनी मनाया नको."

सरांनी नवा तक्ता दोनदा पाहिला. मग म्हणाले, "तुम्ही तिथल्याच ना? मग आधी कसं लक्षात आलं नाही?" हा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मी आभाराच्या पानावर लिहिलं होतं: मोजायचा दिवस कोणता, हे मला गयाबाई आणि रहमतबी, जिनिंग कामगार, सेलू, यांनी दाखवून दिलं. सरांनी त्यावर लाल पेन्सिल फिरवली. "मजूर बायकांची नावं प्रबंधात शोभत नाहीत. 'निरीक्षणातून लक्षात आले' असं लिहा."

"निरीक्षण त्यांचं होतं, सर. मी सोमवारी बसले होते."

पान पुन्हा टाइप करून आणलं, तसंच. त्यांनी पुन्हा खोडलं. मी पुन्हा आणलं. प्रबंध सहा महिने लांबला. शेवटी पेन्सिल कंटाळली, मी नाही.

याने जग बदललं नाही. जिनिंगमध्ये धूळ ओढून घेणारा पंखा बसला नाही. मुकादम मात्र मालकाला न विचारता बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बायांना आळीपाळीने बाहेर बसवायला लागला, अर्धा दिवस आत, अर्धा दिवस अंगणात. स्वतःही अंगणातच जास्त दिसायचा. गयाबाईने आणखी काही हंगाम काढले, मग भाजी विकायला बसली. गेली ती छातीनेच. धुळीने वर्षानुवर्षं केलेलं सगळं पंपाने परत येत नाही, हे मी कुणापासून लपवत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण मी लिहिलं, पूर्ण ओळभर. कारकून म्हणाला, "बाई, टीबी लिहा ना, दोन अक्षरांत होतं." मी म्हणाले, "दोन अक्षरांनीच झालंय सगळं."

काल बाकावर एक तरुण बाई होती. भुवया पांढऱ्या. शेजारी नवरा, त्याच्या हातात पिशवी, पिशवीत कार्ड. अक्षर कुणा घाईतल्या मुलाचं किंवा मुलीचं, भरभर, आत्मविश्वासाचं. ओळखीचं वाटलं. सोबत थुंकीच्या तपासणीचे तीन कागद होते, तिन्हींत टीबी नाही, कुणी न वाचलेले.

"सुट्टी कोणत्या वारी?"

"बाजारादिशी."

"आणि दम जास्त कधी लागतो?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. "तुमाला कसं कळलं?"

तिने फुंकलं, पंप घेतला, पाव तास बसली, पुन्हा फुंकलं. काटा पुढे गेला. मी टेबलाचा खण उघडला. त्यात एक जाड पेन मी वेगळं ठेवलेलं असतं, औषधं लिहायला ते वापरत नाही.

"अवो बाई, सरकारी कार्ड हाय," नवरा घाबरून म्हणाला. "खोडू नका. कुनी इचारलं तर?"

"सही आहे माझी खाली," मी म्हणाले. "विचारू दे."

आणि रेघ अशी मारली की दाराबाहेरच्या बाकावरूनही दिसावी.